घडी कुठे पडत नाही

गेल्या चवथीला भाचा दुबईहून आला तो नवा घडीचा फोन घेऊन. उघडला की पुस्तकाएवढा, मिटला की खिशात. माटोळी बांधायची सोडून सगळं घर त्याच्याभोवती जमलं. त्याने चार वेळा उघडून-मिटून दाखवला, पोरं खूश झाली. मावशी तेवढी खूश दिसली नाही. तिने चष्मा वर सरकवला, पडद्याच्या मधोमध बोट फिरवलं आणि विचारलं, "हाका घडी पडना रे?"

भाचा कंपनीचे आकडे सांगू लागला. मावशी ऐकत होती, पण तिला पटलेलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिच्या प्रश्नामागे तिचा लग्नातला शालू होता. वर्षानुवर्षं ट्रंकेत एकाच घडीवर राहिला आणि एके दिवशी उलगडला तेव्हा नेमका घडीच्या रेषेवर विरलेला निघाला. बाकी कापड धडधाकट, जर जिथल्या तिथे. तेव्हापासून दर वर्षी पाऊस सरला की ती सगळी भारी पातळं बाहेर काढते, वारा देते आणि घडी बदलून ठेवते. मागची घडी जिथे होती तिथे या वर्षी नाही.

आपल्या भाषेत या शब्दाला किती कामं आहेत पाहा. नवं लुगडं पहिल्यांदा नेसलं की त्याची घडी मोडली. संसार मार्गी लागला की घडी बसली, बिनसलं की विस्कटली. घटकाभर थांबायचं तरी 'घडीभर'. एवढी ओळख असूनही घडी घालणं ही काही विद्या आहे असं आपण कधी मानलं नाही. ते बायकांचं नाहीतर पोरांचं काम. पावसाळ्यात वहाळात होड्या सोडायच्या, शाळेत मास्तरांची पाठ फिरली की बाण मारायचे, संपलं. शास्त्रज्ञांनीही फार काळ असंच मानलं. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र ही घडी भूमितीत शिरली, तिथून प्रथिनांत, मग अवकाशात आणि शेवटी भाच्याच्या खिशात. हा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. घडीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एकाच प्रश्नाशी झगडावं लागलं : हे कुठे वाकतं, यापेक्षा कुठे वाकत *नाही*?

सुरुवात मद्रासला झाली असं म्हणायला हरकत नाही. मद्रास इलाख्याच्या सरकारी नोकरीत टी. सुंदर राव नावाचे एक गृहस्थ होते. इंग्रजीत त्यांचं आडनाव 'रो' असं छापलं जाई. १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक मद्रासमध्येच छापलं, 'जिऑमेट्रिक एक्सरसाइझेस इन पेपर फोल्डिंग'. कल्पना त्यांना फ्रोबेलच्या बालवाडीतल्या खेळण्यांवरून सुचली होती, त्यांत रंगीत चौकोनी कागदांची एक पेटी असे. कंपास नाही, पट्टी नाही. एक चौरस कागद घ्यायचा आणि घडी घालत घालत समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन असं करत थेट शंकुच्छेदांपर्यंत जायचं. गॉटिंगेनचे थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ च्या आपल्या पुस्तकात याचा उल्लेख केला, आणि त्यामुळेच १९०१ मध्ये अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. ते पुस्तक आजही छापलं जातं. आपल्याकडे किती शिक्षकांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी विचारत नाही.

गंमत अशी की या पुस्तकातली एक सूचना पुढे खोटी ठरली. घनमूळ कागदाच्या घडीने काढता येणार नाही, असं सुंदर रावांच्या मांडणीतून ध्वनित होत होतं. पट्टी-कंपासने ते येत नाही, तेव्हा घडीनेही येणार नाही असंच कुणालाही वाटलं असतं. १९३६ साली मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितीबाईंनी दाखवलं की येतं. दोन बिंदू एकाच घडीने, एकाच वेळी, दोन वेगळ्या रेषांवर नेऊन टेकवायचे. कंपासला जे जमत नाही ते कागदाला जमतं, आणि त्यातून तिसऱ्या घाताचं समीकरण सुटतं. कोनाचे तीन समान भागही होतात. ग्रीकांपासून अडलेला प्रश्न कागद दुमडून सुटावा, आणि तरीही पुढची पन्नास वर्षं त्याकडे फारसं कुणी फिरकू नये! पोरखेळ म्हटल्यावर असंच व्हायचं.

आता कागदावरून रेणूंवर. ही उडी मी मारत नाही, ती लायनस पॉलिंग यांनी मारली, तीही अंथरुणात पडल्या पडल्या.

१९४८ चा वसंत. पॉलिंग पाहुणे प्राध्यापक म्हणून ऑक्सफर्डला आले होते आणि सर्दीने आजारी पडले. एक-दोन दिवस रहस्यकथा वाचून झाल्या, कंटाळा आला, म्हणून त्यांनी कागद-पेन्सिल मागवली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती साखळी केस, नखं, लोकर यांत कुठल्या आकाराने राहते हा प्रश्न त्यांना दहा-अकरा वर्षं छळत होता. त्यांनी साखळीचा एक तुकडा कागदावर मापात काढला. मग तो कागद दुमडायला लागले. दुमडायचा कुठे? पॉलिंग यांना रसायनशास्त्रातून एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दोन अमिनो आम्लांना जोडणारा जो पेप्टाइड बंध असतो, तो पिळत नाही. त्याच्या आसपासचे अणू एकाच सपाट पातळीत राहतात, पत्त्यासारखे. तेव्हा घडी पडणार ती त्या पत्त्यांच्या मधल्या कार्बन अणूंवरच. तशा समांतर घड्या घालत त्यांनी कागद वळवला तर त्याची नळी झाली, आणि एका वळणातला हायड्रोजन पुढच्या वळणातल्या ऑक्सिजनसमोर बरोबर येऊन उभा राहिला. प्रथिनांमधला सुप्रसिद्ध अल्फा मळसूत्री आकार हातात आला होता, तोही काही तासांत.

त्यांनी तो लगेच छापला नाही. त्यांच्या नळीत एका वळणाची उंची ५.४ अँगस्ट्रॉम येत होती (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि केसांच्या क्ष-किरण चित्रांत ५.१ दिसत होती. एवढ्याशा फरकासाठी हा माणूस थांबला. दरम्यान १९५० मध्ये केंब्रिजच्या ब्रॅग, केंड्र्यू आणि पेरुत्झ या तिघांनी साखळीचे संभाव्य आकार मोजून दाखवणारा मोठा लेख लिहिला. त्यात पुष्कळ आकार होते, खरा तेवढा नव्हता. कारण त्यांनी पेप्टाइड बंधाला पिळायची मुभा दिली होती. जिथे वाकत नाही तिथे त्यांनी वाकवून पाहिलं, आणि एका वळणात पूर्णांकात आम्लं बसली पाहिजेत असा आणखी एक हट्ट धरला.

१९५१ मध्ये पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांचे लेख आले. पेरुत्झ यांनी ते एका शनिवारी सकाळी वाचले आणि स्वतःवरच भडकले. सायकलवरून घरी गेले, जेवले, पुन्हा प्रयोगशाळेत आले आणि एक घोड्याचा केस क्ष-किरणांसमोर वेगळ्या कोनात धरला. पॉलिंग यांची नळी खरी असेल तर १.५ अँगस्ट्रॉमवर एक खूण दिसायला हवी होती. दिसली. सोमवारी त्यांनी ब्रॅगना सांगितलं की हे मला रागातून सुचलं. ब्रॅग म्हणाले, मग तुला आधीच चिडवायला हवं होतं. (तो ०.३ अँगस्ट्रॉमचा फरक पुढे उलगडला : केसात या नळ्या एकमेकींभोवती दोरीसारख्या वळलेल्या असतात, म्हणून उंची कमी दिसते.)

आणि आता पुन्हा मद्रास. सुंदर रावांच्या पुस्तकानंतर साठ वर्षांनी.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख म्हणून आले तेव्हा तिशीचे होते. त्याच वर्षी लंडनचे जे. डी. बर्नाल तिथे येऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले की कोलॅजनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही. कोलॅजन म्हणजे आपली कातडी, स्नायूंच्या दोऱ्या, हाडं यांना धरून ठेवणारं प्रथिन. चामड्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था शेजारीच होती. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कोलॅजनची चित्रं घेतली आणि १९५४ साली तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्या वर्षी तिला आणखी पीळ देऊन सुधारली. वेणीसारख्या या रचनेत आतल्या बाजूला जागाच इतकी कमी, की तिथे दर तिसरं आम्ल ग्लायसीनच हवं, सगळ्यांत लहान. दुसरं बसतच नाही. कोलॅजनमध्ये दर तीन आम्लांत एक ग्लायसीन का, याचं उत्तर हे. त्या जागी ग्लायसीनऐवजी दुसरं आम्ल आलं तर वेणी बिघडते, आणि साध्या धक्क्याने हाडं मोडणारी मुलं जन्माला येतात.

१९५५ मध्ये फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला : मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आलेत, इतकं जवळ येता येत नाही. त्यांनी स्वतःची सुधारित रचना दिली आणि जगात नाव त्यांचंच जास्त झालं. आपल्याकडे या प्रसंगाची आठवण निघाली की गाडी नेहमी नोबेलच्या अन्यायाकडे वळते. मला स्वतःला रामचंद्रन यांनी पुढे काय केलं ते जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी आक्षेपच अभ्यासाला घेतला. दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात? कुणी ठरवलं? त्यांनी छापून आलेल्या स्फटिकांच्या रचना धुंडाळल्या, प्रत्येक जोडीचं कमीत कमी अंतर काढलं. पेप्टाइडचा पत्ता पिळत नाही हे पॉलिंग यांनी सांगितलंच होतं, म्हणजे साखळीच्या प्रत्येक सांध्याला फिरायला दोनच कोन उरले. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी टेबलावरच्या गणनयंत्रावर एकेक कोन घेऊन तपासलं की कुठली जोडी चालते आणि कुठे अणूंची टक्कर होते. १९६३ मध्ये त्याचा एक चौकोनी नकाशा प्रसिद्ध झाला. आज तो जगभर 'रामचंद्रन प्लॉट' या नावाने शिकवला जातो.

हा नकाशा पाहण्यासारखा आहे. बहुतेक सगळा कोरा! तीन छोटी बेटं, बाकी मनाईचा समुद्र. पॉलिंग यांची नळी एका बेटावर, कोलॅजन दुसऱ्या. ग्लायसीनला थोडी जास्त मोकळीक. प्रोलीन नावाच्या आम्लाला फारच कमी, कारण त्याची बाजूची शेपटी वळून साखळीलाच जोडलेली असते. कुठल्याही प्रथिनाची नवी रचना कुणी मांडली, की आजही ती आधी या नकाशावर तपासतात.

एवढी मनाई आहे म्हणूनच प्रथिनाची घडी बसू शकते. सायरस लेविंथल यांनी १९६९ मध्ये हिशेब मांडला होता की शंभरेक आम्लांची साखळी सगळे आकार एकेक करून पाहत बसली तर विश्वाचं वय पुरणार नाही. प्रत्यक्षात ती कित्येकदा सेकंदाच्या आतच जागी बसते. ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज नावाचं एक प्रथिन घेतलं, युरियात टाकून त्याची घडी पार विस्कटली, आतले चार सांधे तोडले. हे चार सांधे पुन्हा जुळायला १०५ वेगवेगळ्या जोड्या संभवतात. युरिया काढून घेतल्यावर प्रथिनाने नेमकी मूळची जुळणी केली आणि कामाला लागलं. कुणी घडी घालून दिली नाही, ती आम्लांच्या क्रमातच होती. १९७२ चं नोबेल. उलट बाजूही आहे. प्रायॉन म्हणून एक प्रथिन असतं, त्यात आम्लं तीच, क्रम तोच, फक्त घडी चुकलेली. आणि ती चूक शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही लागते, मेंदू चाळणीसारखा होतो.

क्रमावरून घडी ओळखायचं काम २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीने बहुतांश करून दाखवलं आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यातल्या दोघांना, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, डेव्हिड बेकर यांच्याबरोबर विभागून मिळालं. वर्तमानपत्रांनी 'कोडं सुटलं' असं छापलं. ते अर्धंच खरं. शेवटची घडी कशी दिसेल ते ही प्रणाली सांगते, ती कुठल्या वाटेने पडत गेली ते सांगत नाही. शिवाय ती शिकली कशावरून, तर माणसांनी पन्नास वर्षं खपून सोडवलेल्या सुमारे १ लाख ७० हजार रचनांवरून.

आरएनएच्या बाबतीत अशी शिदोरी नाही, म्हणून तिथे गाडी अडली आहे. आरएनए ही एकेरी दोरी. आपल्याच अंगावर उलटी वळते, ज्या अक्षरांची जोडी जमते ती एकमेकांना चिकटतात, आणि केसांच्या आकड्यासारखे आकडे तयार होतात. हे आकडे पुन्हा एकमेकांत अडकून घडीवर घडी पडते. पूर्वी वाटे, आरएनए म्हणजे नुसता निरोप्या. १९८२ मध्ये थॉमस चेक यांनी दाखवलं की नीट घडी बसलेला आरएनए स्वतःच रासायनिक क्रिया करतो. पेशीतला प्रथिनांचा कारखाना, रायबोसोम, हाही मुख्यतः घडी घातलेला आरएनएच. त्याची रचना सोडवणाऱ्या तिघांना २००९ चं नोबेल मिळालं. त्यांतले व्यंकटरामन रामकृष्णन वाढले बडोद्यात, आणि सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. (वरच्या नकाशातले रामकृष्णन वेगळे, गल्लत नको.) क्रमावरून आरएनएची घडी ओळखण्याच्या २०२२ च्या जागतिक स्पर्धेत मात्र यंत्रांपेक्षा अनुभवी माणसांचे गटच पुढे राहिले.

या सगळ्याचा आपल्या दंडाशी काय संबंध? करोनाच्या आरएनए लशीत विषाणूच्या काट्याची कृती लिहिलेली असते. तो काटा पेशीत घुसताना आपली घडी मोडतो आणि वेगळाच आकार घेतो. शरीराला ओळख करून द्यायची ती आधीच्या घडीची. मग संशोधकांनी त्या काट्यात नेमक्या जागी दोन आम्लं बदलून प्रोलीन घातलं. तेच, सगळ्यांत कमी मोकळीक असलेलं. घडी मोडेनाशी झाली. ही युक्ती दुसऱ्या एका करोना विषाणूवर २०१७ मध्येच करून ठेवलेली होती, म्हणून २०२० मध्ये वेळ वाचला. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोव्हिशिल्डमध्ये हा बदल नव्हता. लंडनला आणि आखातात असलेल्या आपल्या कित्येक गोंयकारांच्या दंडात मात्र ती दोन प्रोलीनं गेली आहेत.

रेणूंची घडी आपोआप बसते. माणसाने बनवलेल्या वस्तूची घालावी लागते, आणि तिथेही आधी मोडतोडीतूनच शिकावं लागलं. टोकियोचे कोर्यो मिउरा हे रॉकेटचे अभियंते. पातळ नळकांडं दाबलं की त्यावर ज्या चुण्या पडतात त्यांचा ते अभ्यास करत होते. त्या चुण्या वाटेल तशा पडत नाहीत, त्यांची नक्षी ठरलेली असते. १९७० च्या सुमारास त्यातून त्यांना एक घडी सापडली.

समोर कागद असेल तर घ्या. एकदा अर्धा दुमडा, मग आडवा पुन्हा अर्धा. आता उलगडा आणि मधल्या बिंदूला भेटणाऱ्या चार रेषा बघा. तीन एका बाजूला उठलेल्या, एक उलटी. डोंगर तीन तर दरी एक. कागद सपाट मिटायचा असेल तर डोंगर आणि दऱ्यांत दोनाचाच फरक राहतो, दुसरं काही होऊच शकत नाही. साध्या नकाशाच्या घड्या काटकोनात असतात आणि प्रत्येक घडी स्वतंत्र, म्हणून एकदा उघडलेला नकाशा पुन्हा पहिल्यासारखा मिटताना भांडणं होतात. मिउरांनी उभ्या रेषा किंचित तिरप्या केल्या, निऱ्या नागमोडी घातल्यासारख्या. एवढ्याने सगळ्या घड्या एकमेकींशी बांधल्या गेल्या. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढलं की सगळा कागद एकदम उघडतो, ढकललं की एकदम मिटतो. चुकीचा मिटायची सोयच नाही. १९९५ च्या मार्चमध्ये जपानने सोडलेल्या एका यानावर या घडीचं पातळ पटल अवकाशात उघडून पाहिलं, आणि पुढच्या जानेवारीत अमेरिकन शटलने ते यान परत आणलं.

कागद, पत्रा, पटल यांना घडीची धार चालते. काचेला चालत नाही. भाच्याच्या फोनची खरी अडचण ही. कुठलीही चकती वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. किती ताणली जाते, हे जाडी आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतं. नेहमीच्या फोनवरची अर्ध्या मिलिमीटरची काच दीड मिलिमीटर त्रिज्येत वळवायची म्हटली तर बाहेरची बाजू १६-१७ टक्के ताणावी लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी तिचे तुकडे होतील. तीच काच ३० मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही पातळ केली तर ताण एक टक्का. तेवढा ती सोसते. शिवाय बिजागरीत पडद्याला थेंबाच्या आकाराची पोकळी ठेवतात, म्हणजे मिटलेल्या फोनमध्ये पडदा दुमडलेला नसतोच, वळलेला असतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला घडीचा फोन परीक्षकांच्या हातात गेला आणि काही दिवसांत काहींचे पडदे गेले. कुणी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलला, कुणाच्या बिजागरीत कचरा शिरला. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. तेव्हाचा पडदा वरून प्लास्टिकचा होता, पातळ काच पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या फोनमध्ये आली.

तरीही मधली रेष पुरती गेलेली नाही. काच सरळ होते, पण तिच्या वर-खाली चिकटवलेले प्लास्टिकचे आणि डिंकाचे थर बराच काळ वळलेले राहिले की त्या वळणाला सरावतात, उघडल्यावर पूर्ण माघारी येत नाहीत. दर वर्षी कंपन्या सांगतात की यंदा रेष आणखी फिकट झाली.

मे महिन्यात भाचा पुन्हा आला. मी त्याला काच, त्रिज्या, थेंबाची पोकळी असं सगळं उत्साहाने समजावत होतो. मावशी आमसुलं वाळत घालून आत आली, हात पुसले, त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि मधोमध बोट फिरवलं. रेष लागत होती.

"रात्री मिटून ठेवतोस की उघडा?" तिने विचारलं.